चंद्रीने खाल्लेलं विमान

नात नखं रंगवायला बसली, की घरभर तो वास सुटतो आणि मला आमची चंद्री म्हैस दिसते.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी बेलापूरच्या गायरानात हिरव्यागार गवतावर जुन्या, कापडी पंखांच्या विमानांचा मेळावा भरला होता. विमानं सात होती. इतकी वर्षं मी चौदा सांगत आलोय, पण आता वयाला शोभेल असं बोलतो. पंखांच्या नव्या रंगाला अगदी असाच वास होता. त्याला भुलून चंद्रीनं एका पंखाचं परातीएवढं कापड चाटता चाटता खाऊन टाकलं.

विमानाचे मालक, पुण्याचे एक साहेब, डोकं धरून बसले. बाकीचे दुपारी उडणार आणि हे एकटे मागे राहणार. म्हैस आमची, म्हणून माझी काकी दाभण घेऊन धावली. काकाचं धोतर फाडून तिनं वाकळेसारखे दाट टाके घातले. वरून साहेबांनी उरलेला रंग फासला.

"काकू, टिकेल ना?"

"माज्या वाकळंवर तीन पिढ्या लोळल्यात, सायब. एक टाका उसवला न्हाई. तुमी एकलं असं किती जड हायसा?"

साहेब उडाले. चंद्री शेपूट उभारून गायरानाच्या टोकापर्यंत विमानामागं पळाली. तेव्हा काकी हळूच म्हणाली, "वाकळंचं पोट रिकामं ठिवू नये, म्हनून आत भाकरीचा तुकडा शिवलाय."

आम्ही लोळून हसलो. आता वाटतं, एवढ्या लांब निघालेल्याला उपाशी धाडायचं नाही, हे फक्त तिलाच सुचलं.

चंद्री मात्र पुढं महिनाभर आभाळाकडं बघूनच रवंथ करायची. हे शंभर टक्के खरं.