तिखट बाई

बाईंचा आवाज चढला की मानपाड्याच्या आमच्या बालवाडीतले पालक गेटकडे बघू लागायचे. मुलं मात्र निर्धास्त. हा राग मोठ्यांसाठी आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पालकांनी नाव ठेवलेलं, तिखट बाई. मी त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका मुलाचा हात धरून मी छोटा डबा मोठ्या डब्यात बसवला. बाई कडाडल्या, "सोड त्याचा हात! चुकू दे की. चुकायचा मक्ता काय फक्त आपणच घेतलाय?"

लहान-मोठं शिकवायला त्या घरून एकात एक बसणारे स्टीलचे डबे आणायच्या. मोठा डबा छोट्यात जात नाही, हे मुलांच्या हातांना कळायला हवं, हा त्यांचा हट्ट. संस्थेने हत्ती-उंदरांच्या रंगीत वर्कशीट आणल्या, तर म्हणाल्या, "कागदावर दोघंही बोटभरच!" आणि गठ्ठा कपाटात कोंबला.

मग संचालकांनी प्रवेशासाठी चाचणी काढली. तीन वर्षांच्या पोरांची चाचणी! ठोकळे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावायचे. मागच्या चाळीतल्या सईने ओळ लावलीच नाही. मोठा ठोकळा खाली ठेवून तिने मनोरा रचला.

"सूचना कळत नाही हिला. नेक्स्ट," संचालक म्हणाले. सईच्या आईने मान खाली घालून पिशवी उचलली.

"थांबा हो, ताई," बाई उठल्या. "सर, क्रम कळल्याशिवाय मनोरा उभा राहिला का? आणि पोरांना सगळं आधीच यायला हवं असेल, तर मी इथे काय भाजी निवडायला बसू?"

"बाई, सीट कमी आहेत. कुठेतरी चाळण लावावीच लागते."

"चाळण पिठाला लावतात. पोरांना नाही!"

सईला प्रवेश मिळाला नाही. बाईंनी त्याच दुपारी राजीनामा दिला आणि स्वतःच्या हॉलमध्ये वर्ग सुरू केला. पहिली विद्यार्थिनी सई. महिन्याभरात मीही तिकडे गेले. आजारपणाने अंथरुणाला खिळेपर्यंत बाई शिकवत होत्या.

त्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या संस्थेच्या गेटवर त्यांच्या फोटोचा फ्लेक्स लागला: 'आमच्या आदर्श शिक्षिका.' आमच्या! माझ्या डोक्यात तिडीक गेली. सरळ ऑफिसात शिरले.

"उतरवा तो."

"अहो, श्रद्धांजली आहे ती," संचालक म्हणाले.

"जिवंतपणी एकदा तरी ऐकायचं होतं त्यांचं."

कोणी हललं नाही. मी चप्पल काढून कठड्यावर चढले, दोऱ्या सोडल्या आणि फ्लेक्स गुंडाळून बाईंच्या हॉलमधल्या वर्गावर आणला. कात्रीने संस्थेचं नाव कापून कचऱ्यात टाकलं. बाई तेवढ्या भिंतीवर लावल्या.