खिल्लारे साहेबांची मागची सीट

रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की खिल्लारे साहेबांची गाडी थांबलीच म्हणून समजा. काच खाली यायची आणि आतून आवाज यायचा, "कुठं जायलाव? बसा की. गाडी रिकामीच हाय." समोरचा स्टेशनला निघालेला असो की बाजारात, साहेब नेमके तिकडंच चाललेले असायचे. एकदा मी मुद्दाम म्हणालो, "मी कुठंच निघालो नाही, उगीच उभा आहे." तर म्हणाले, "मी बी उगीचच निघालोय. बसा."

मी बसायचो. मी शाळामास्तर. बायकापोरं वालूरला, मी परभणीत एका खोलीत, आणि शनिवार आला की पिशवी उचलून एसटी स्टँडावर. फुकटात पाय वाचत असतील तर मी बैलगाडीलाही नाही म्हटलं नसतं, इथं तर मोटार होती. पण गल्लीतले बाकीचे? "नको साहेब, इथं कोपऱ्यावरच जायचंय," असं म्हणणारा माणूस थोड्या वेळानं मला स्टेशनवर ऑटोवाल्याशी हुज्जत घालताना दिसायचा. ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून भिंती रंगलेल्या, आणि 'आडनाव काय तुमचं?' हा प्रश्न काही नुसत्या आडनावासाठी विचारला जात नव्हता. साहेबांशी सगळे हसून बोलायचे, चहाही घ्यायचे, गाडीत मात्र बसायचे नाहीत. मला या लोकांचा भयंकर राग यायचा. साहेबांना यायचा की नाही, ते त्यांनी कधी कळू दिलं नाही.

साहेब कालव्यांच्या खात्यात इंजिनिअर. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, आईवडीलही एकापाठोपाठ गेले. सख्खं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, थोरली बहीण सोजरबाई. ती ताडकळसच्या पुढं, त्यांच्या मूळ गावात राहायची. नामांतराचा ठराव झाला त्या साली गावात त्यांच्या वस्तीला आग लावली गेली. साहेब तेव्हा परभणीत नोकरीवर होते. दुसऱ्या दिवशी गेले, आईवडिलांना घेऊन आले. सोजरबाई काही हलल्या नाहीत. "घर जळालं म्हणून गाव सोडू का? गाव काय त्यांच्या बापाचं हाय?" असं म्हणून त्यांनी त्याच जागी पत्रे ठोकले. भाऊ गाव सोडून गेला याचा राग धरला तो धरलाच. भाऊ भेटायला गेला की चहा करायच्या, पाव्हण्याला करावा तसा. आणि म्हणायच्या, "नामांतर होऊ दे, मग येते तुझ्या घरी. तवर न्हाई."

गाडी साहेबांनी घेतली ती याचसाठी. गाडी कसली, लोक तिला साबणदाणी म्हणायचे. छोटी, चपटी, पांढरी, कोणा डॉक्टरानं वापरून सोडलेली. "अक्काला हिच्यातून आणणार, एसटीनं न्हाई," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की न पाहिलेल्या बाईची मीही वाट पाहायला लागलो होतो.

पण गावाकडचा रस्ता म्हणजे नुसते दगड. गाडीच्या चाकांच्या लोखंडी डिस्क ठेचकाळल्या, कडा वाकल्या, टायरमधली हवा राहीना. पंक्चरवाला म्हणाला, "साहेब, पंक्चर असलं तर काढीन. चाकच वाकडं, त्याला मी काय करू?" झालं. रोज संध्याकाळी आमची चाकावर परिषद भरू लागली. माझ्याकडं गाडी ना घोडा, पण मतं भरपूर. लोखंडी डिस्क नको, मॅग व्हील घ्या, असं मी ठणकावून सांगितलं. मॅग व्हील म्हणजे त्या मिश्रधातूच्या चकाकत्या डिस्क. वजनाला हलक्या, रूपाला देखण्या. परभणीत तेव्हा त्या कुणी पाहिल्या होत्या?

साहेब पडले इंजिनिअर. त्यांनी पुठ्ठ्याचा गोल कापला, गाडीच्या चार नटांच्या जागी चार भोकं पाडली, मधलं भोकही बरोबर कापलं, आणि तो पुठ्ठा उशाखाली ठेवावा तसा जपून घेऊन आम्ही दोघं रेल्वेनं हैदराबादला गेलो. तिथं जुन्या गाड्यांच्या बाजारात डिस्कांचे ढीग. साहेब एकेका डिस्कवर पुठ्ठा ठेवून बघायचे आणि मान हलवायचे. कुठं नट जुळायचे तर मधलं भोक लहान. दुपार कलली, माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले. शेवटी एका परदेशी गाडीचं चाक पुठ्ठ्याखाली असं बसलं, की साहेबांनी टाळीच दिली. चाक आमच्या चाकापेक्षा जरा मोठं आणि रुंद होतं. मी दुकानदाराला तसं म्हणालो, तर तो म्हणाला, "नट बैठ गया ना साब? तो चाक बैठ गया." आणि आम्ही दोघंही शिकलेले लोक, आम्हाला ते पटलं!

परभणीत चाकं बसली. घट्ट बसली, गाडीला रुबाब आला. मडगार्डाच्या बाहेर थोडी डोकावत होती, पण आम्हाला ती ऐटच वाटली. साहेब रोज सकाळी फडक्यानं डिस्क पुसायचे. दार उघडून मला म्हणायचे, "सर, आता कसं मऊ चालतंय बघा." वर्षभर गाडी अशी मऊ चालली. ते चालवायला, आणि कधीमधी शेजारी मी.

मग एका हिवाळ्यात रेडिओवर बातमी आली. विद्यापीठाला नाव मिळालं. साहेब धावत माझ्या खोलीत आले, माझे हात धरून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मलाही गावाला नेलं. "तुमी चला सर. एकट्यानं गेलो अन् ती न्हाई म्हणली तर?" एवढा मोठा साहेब, पण बहिणीपुढं उभं राहायला त्याला सोबत लागत होती.

सोजरबाई दारातच बसल्या होत्या. काटक बाई, मोठं कुंकू नाही, दागिना नाही, नजर अशी की मास्तरानंही खडू खाली ठेवावा. म्हणाल्या, "किसन, म्या नामांतर म्हणले व्हते. रेडिओ तर नामविस्तार म्हणायलाय. जुनं नाव हाय तसंच, त्याला नुसती जोड दिली."

साहेबांचा चेहरा उतरला. बाई पाहत राहिल्या आणि एकदम हसल्या. "अर्धं तर अर्धं. चल, अर्ध्या वाटंपर्यंत तरी येते."

शेजारच्या दोघी जणी परभणीला जल्लोष बघायला निघाल्या होत्या. त्या गाडीपाशी घुटमळल्या. "आमचे पाय मळके, साहेब." साहेबांनी स्वतः दार उघडलं, "बसा हो मावशी. गाडी तुमचीच हाय." तिघी मागं बसल्या, मी पुढं. साहेबांनी आरशात मागं पाहिलं. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

गावाची वेस ओलांडली आणि पहिल्याच खड्ड्यात मागून आवाज आला, खर्रर्र! पुढच्या खड्ड्यात पुन्हा तेच. मग रबर जळाल्याचा वास सुटला. उतरून पाहतो तर मागचे दोन्ही टायर मडगार्डाच्या कडेनं सोलून निघालेले. तिघी उतरल्या तशी गाडी वर उचलली गेली, टायर मोकळे झाले. बसल्या की पुन्हा घासायचे. शेजारणी ओशाळल्या, "आमच्याच वजनानं झालं जणू." सोजरबाई मात्र फणकारल्या, "बघ, तुझी गाडी बी आमाला घ्यायला तयार न्हाई."

नंतर परभणीच्या मिस्त्रीनं सगळं समजावलं. नट जुळले, भोक जुळलं, पण चाक आत किती बसतं नि बाहेर किती येतं, हे आम्ही मोजलंच नव्हतं. "नाकापेक्षा मोती जड झाला," तो म्हणाला. पण तिथं रस्त्यावर मला काही सुचेना. मी वैतागून म्हणालो, "अहो साहेब, वर्षभर चालवताय, एकदाही कळलं नाही?"

साहेब टायरपाशी उकिडवे बसले होते. वर न बघता म्हणाले, "कळणार कसं सर? मागं कधी कोणी बसलंच न्हाई."

सोजरबाईंनी पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "गुरुजी, तुमी या दोघींसंगं एसटीनं या. पुढं मी बसते."

संध्याकाळी मी साहेबांच्या घरी पोचलो तेव्हा बाई घरभर फिरून पाहून आल्या होत्या. एक खुर्ची, एक ताट, दोरीवर एकच टॉवेल. भावापुढं उभ्या राहून म्हणाल्या, "आमाला वाटायचं तू इथं मजेत हाईस. चल गावाकडं. मी राह्यला न्हाई आले, तुला न्यायला आले."

"नको अक्का," साहेब म्हणाले. "आग लागली तेव्हा मी नव्हतो. तू ती इझवलीस, तुला ती इझलेली दिसती. मला त्या गावात अजून जळतानाच दिसतं सगळं. तिथं मला झोप येत न्हाई."

"मग आधी सांगायचंस की रं! इतकी वर्सं मी तुझ्यावर राग धरून बसले."

साहेबांनी बहिणीकडं पाहिलं. हळूच म्हणाले, "सांगितलं असतं तर माझ्यासाठी तू बी गाव सोडलं असतंस, अक्का. मग तिथं आपलं कोण राह्यलं असतं?"

साहेब परभणीतच वारले. सोजरबाई शेवटपर्यंत गावातच राहिल्या.