भाजलेला चिखल

उरणच्या खाडीकाठी एका दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हाची गोष्ट. गंधकाचं मलम कधी असायचं, कधी नसायचं. मुलांना खरूज झाली की मिठागरावरच्या बाया तिथल्या एका जुन्या खड्ड्यातला काळा, उग्र वासाचा चिखल त्यांच्या अंगाला चोपडायच्या. मी खेकसायचे, "आधी स्वच्छता शिका!"

पण त्यानं खरूज उतरायची, म्हणून आमच्या डॉक्टरांना त्या चिखलाचं कुतूहल वाटलं. नवी औषधं मातीतल्या जंतूंपासूनच निघतायत, ते म्हणाले. खरजेचा किडा मारणारं काहीतरी या चिखलातला एखादा जंतू तयार करत असेल. नमुना मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायचं ठरलं. मी एका म्हातारीला बरणी दिली आणि सवयीनं बजावलं, "घाण आणू नकोस, आजी. स्वच्छ करून आण."

दोन दिवसांनी तिनं बरणी आणली. आत कोरडी, राखाडी भुकटी होती.

"तव्यावर चांगला भाजलाय, बाय," ती अभिमानानं म्हणाली. "एक पन किडा न्हाय ठेवला."

भाजल्यावर जंतू मरतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण डॉक्टरांना सांगितलं असतं, तर चूक माझी निघाली असती. मी झाकण घट्ट लावून बरणी पाठवून दिली.

महिन्याभरानं उत्तर आलं: नमुन्यात जिवंत काही सापडलं नाही. डॉक्टरांनी विषय सोडला.

म्हातारी विचारायला आली. मी म्हटलं, "त्या चिखलात काही नाही, आजी."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. पुढच्या खेपेला ती नातवाला घेऊन आली, तेव्हा त्याच्या हातांना चिखल नव्हता. खरूज मात्र बोटाबोटांत पसरली होती.