पत्र्यांवर बसलेले पाहुणे

नातवंडांनो, तुमच्या त्या वादळांच्या शहरात छप्पर बदलायला किती खर्च येतो, ते तुमच्या बाबांनी फोनवर सांगितलं. इथे बदनापूरला वादळात आमचे पत्रे उडाले, तेव्हा नव्या पत्र्यांचा खर्च मी हिशेबात धरला होता. पाहुण्यांचा धरला नव्हता.

घरावर संकट आलं की सगळे भेटायला येतात, आणि चहाशिवाय कोणाला परत पाठवता येत नाही. खुर्च्या भिजलेल्या, म्हणून पाहुणे अंगणातल्या नव्या पत्र्यांच्या थप्पीवरच बसले.

वरून मिस्त्री ओरडला, "आजी, पत्रा द्या जल्दी! आभाळ भरून आलं."

माझ्या थोरल्या नणंदबाई बशीत फुंकर मारत म्हणाल्या, "चहा तर पिऊ दे. पत्रा कुठं पळून जाऊन राह्यला?"

"पहिले गेल्ते की पळून!" मिस्त्री वरूनच म्हणाला.

पाहुण्यांना उठा कसं म्हणायचं? मी चहाचं पातेलं उचलून शिडीपाशी नेलं आणि जाहीर केलं, "जो पत्रा वर देईल, त्याला चहा." थप्पी भराभर संपली. शेवटच्या पत्र्याला नणंदबाईंनीच हात लावला. त्यांना दुसरा कप हवा होता.

मिस्त्री खाली उतरला आणि पाऊस कोसळला. छप्पर थेंबभरही गळलं नाही. त्यामुळे कोणीच घरी गेलं नाही, आणि मी सगळ्यांसाठी पिठलं टाकलं.