तांबे पोस्टमनची हिरवी शिवराई

श्रीपत तांबे पोस्टमन होते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या बाजूला जी गावं डोंगराला चिकटून बसली आहेत, तिथं त्यांनी एकतीस वर्षं पायी टपाल वाटलं. निवृत्त होऊन महाडात राहायला आल्यावर त्यांना एकच काम उरलं, ते म्हणजे आपण नाण्यांतले जाणकार आहोत हे लोकांना सांगणं. लोक विचारत नसत, तरी ते सांगत. हे आज ते स्वतःच हसत कबूल करतात. गेल्या वर्षापर्यंत मात्र यात हसण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळलं नसतं.

संग्रह तसा बरा होता. भोकाचे पैसे, ढब्बू पैसे, चौकोनी दोन आणे, आणि सगळ्यांच्या वर, लाल मखमलीच्या डबीत, एक शिवराई. तांब्याची, झिजलेली, अक्षरं जेमतेम लागणारी. पण तिच्या खाचाखाचांत असा गर्द हिरवा रंग बसला होता की बघणारा थबकायचा.

"हा काळाचा हात," श्रीपत म्हणत. "तीनशे वर्षं हवा, पाणी आणि माती तांब्यावर काम करतात, तेव्हा कुठं असा कळंक चढतो. हा धुवायचा नाही, पुसायचा नाही."

मग ते भिंग देऊन त्या हिरव्यात रुतलेला एक बारीक तंतू दाखवत. तो जुन्या काळच्या रेशमी कशाचा धागा असावा, असं त्यांचं मत होतं. पहिल्या वर्षी ते 'असावा' म्हणत. दुसऱ्या वर्षापासून 'आहे' म्हणू लागले.

एकवीस सालच्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा त्यांनी आधी नाण्यांची पेटी माळ्यावर चढवली, मग मिक्सर, आणि मग बायकोला, येसूबाईंना, हात दिला. "मी तिसरी," असं येसूबाई अजून पाहुण्यांना सांगतात. श्रीपत त्यावर 'मिक्सर हलका होता' एवढंच म्हणतात.

महाडमध्ये नाणी जमवणाऱ्यांचं एक छोटं मंडळ आहे. अकरा सभासद. महिन्यातून एका रविवारी एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतात, आणि वर्षातून एकदा प्रदर्शन भरवतात. गेल्या वर्षी प्रदर्शनाच्या तोंडावर आम्रपाली कासारे या सभासद बाईंनी एक नाणं बैठकीत आणलं. त्या हायस्कूलात भूगोल शिकवतात. त्यांचा मावसभाऊ अश्विन कॅनडात असतो, त्यानं ते पाठवलं होतं. तिथल्या सरकारी टांकसाळीचं, मधोमध लालभडक फूल असलेलं. ते फूल युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीचं.

"हे प्रदर्शनात ठेवू या," आम्रपाली म्हणाल्या.

"हे नाणं नाही. हे बटण आहे," श्रीपत म्हणाले.

वाद पेटला. शेवटी ठरलं की प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्यांसमोर दोघांनी आपापली बाजू मांडायची, आणि रंगीत नाण्यांना मंडळानं जागा द्यायची की नाही, हे सभासदांनी हात वर करून ठरवायचं.

श्रीपतनी महिनाभर तयारी केली. भाषण चार वेळा लिहिलं, आरशासमोर म्हटलं, येसूबाईंना ऐकवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "छान हाय," त्या म्हणाल्या, "पण 'पावित्र्य' सात वेळा आलंय." श्रीपतनी एक कमी केलं.

तेवढ्यावर न थांबता त्यांनी साक्षीदार आणायचं ठरवलं. ती शिवराई त्यांना आंबेनळीच्या पायथ्याच्या एका गावात महिपती नावाच्या शेतकऱ्यानं दिली होती. महिपतींचा मोठा मुलगा तेव्हा मुंबईला कापडगिरणीत होता. त्याची पत्रं श्रीपत वाचून दाखवत आणि ओट्यावर बसून उत्तर लिहून देत. एकदा महिपतींनी फडताळातून तो पैसा काढून त्यांच्या हातावर ठेवला होता. "पोस्टमन, तुला असलं आवडतं ना? घे." आता त्याच महिपतींना पाहुणे म्हणून बोलवावं, आणि हे नाणं पिढ्यान्‌पिढ्या हात न लागता कसं राहिलं हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावं, असा श्रीपतचा बेत. ऐंशी वर्षांचे महिपती सकाळच्या एसटीनं आले. धुतलेली टोपी, हातात काठी, पिशवीत भाजीची दोन वांगी. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं.

आधी आम्रपाली बोलल्या, आणि थोडक्यात बोलल्या. "तांबेकाकांकडं भोकाचे पैसे आहेत. टांकसाळीनं मधलं तांबं काढून घेतलं, तरी आपण त्याला नाणंच म्हणतो. दोन धातूंचं दहाचं नाणं आलं, तेही आपण जपून ठेवतो. सरकारी टांकसाळीनं उद्या रंग भरला तर तेवढ्यानं ते नाणं कसं राहत नाही? माझ्या वर्गातली मुलं हे फूल बघून विचारतात, हे कुणासाठी? त्या प्रश्नापासून मला त्यांना सगळं सांगता येतं. बिनरंगी नाण्याकडं ती बघतसुद्धा नाहीत."

श्रीपत उठले. भाषण खरंच चांगलं झालं, हे विरोधकही मानतात. नाणं ठशाच्या घावानं घडतं, कुंचल्यानं नव्हे, असं ते म्हणाले. रंग घासला की उडतो, ठसा घासला तरी काहीतरी मागं ठेवतो. आणि यातली बरीच नाणी बाजारात फिरण्यासाठी नसतातच. हौशी लोकांनी विकत घ्यावीत म्हणूनच काढलेली असतात. "आज रंग, उद्या वास! अत्तराचं नाणं आलं तर मंडळानं काय नाक लावून तपासायचं?" लोक हसले. श्रीपतना आणखी स्फुरण चढलं. त्यांनी मखमलीची डबी उघडून वर धरली.

"रंगच बघायचा तर हा बघा! हा माणसानं लावलेला नाही. हा काळानं लावला. आणि याला साक्षीदार आहेत आमचे महिपती. महिपती, सांगा सगळ्यांना, या नाण्याला तुमच्या घरात कधी कुणी हात लावला होता का?"

महिपती काठीवर जोर देऊन उठले. डबी जवळ घेऊन, डोळे बारीक करून त्यांनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"अरे, ही तर राहीची सोंगटी!"



"म्हणजे?" श्रीपत म्हणाले.

"आम्ही पट खेळायचो ना पावसाचे. हिरवी सोंगटी एक हरवली व्हती. दाराला लावून रंग उरलेला, तो राहीनं ह्या पैशाला फासला न् ठेवला पटावर. काळानं नाय लावला भाऊ, माझ्या बायकोनं लावला."

"पण यात तो रेशमाचा धागा…" श्रीपतचा आवाज आपोआप उतरला.

"कसला रेशीम? बुरुसाचा केस असंल. बुरुस लय झडायचा आमचा."

आम्रपालींनी टेबलावरचं भिंग उचललं आणि एक अक्षर न बोलता श्रीपतच्या हातात दिलं. हे श्रीपतना त्या दिवशी सगळ्यात जास्त लागलं. त्या हसल्या असत्या तर रागावता आलं असतं. त्यांनी बघितलं. तीस वर्षं बघत होते तोच तंतू; जाडसर, सरळ, टोकाला किंचित फुटलेला. ब्रशचा केस. आणि हिरवा? दाराचा हिरवा, दुसरं काय! पोलादपूरकडच्या अर्ध्या घरांची दारं तेव्हा याच रंगाची होती. एकतीस वर्षं रोज ती ठोठावून पत्र देणाऱ्या माणसाला हा रंग ओळखता आला नव्हता. नाण्याला कुणी हात लावायचा नाही हा नियम त्यांनीच केलेला, त्यामुळे नखानं खरवडून बघायचंही कधी सुचलं नव्हतं.

श्रीपतनी भिंग टेबलावर ठेवलं. मग त्यांनी उरलेलं भाषण घडी करून खिशात घातलं. "सभासदहो," ते म्हणाले, "रंगीत नाण्याविरुद्ध जो माणूस बोलत होता, त्याच्याकडं मंडळातलं सगळ्यात जुनं रंगीत नाणं निघालं. त्याचं मत किती धरायचं ते तुम्ही ठरवा." आणि हसू फुटलं, त्यात त्यांचंही होतं, जरा उशिरा, पण होतं.

हात वर झाले. रंगीत नाण्यांच्या बाजूनं आठ, विरुद्ध दोन. श्रीपतनी कुठल्याच बाजूनं हात वर केला नाही. पुढच्या बैठकीत मात्र त्यांनी स्वतःच एक सूचना आणली: टांकसाळीनं रंग दिला असो की आणखी कुणी, तो कोणी, कुठं, कधी दिला हे शेजारच्या कार्डावर खरंखरं लिहायचं. खोटेपणा रंगात नसतो, तो न सांगण्यात असतो, असं ते म्हणाले. "न सांगण्यात, आणि न विचारता सांगण्यात," येसूबाईंनी घरी त्यात भर घातली. आम्रपालींनीही आपल्या बाजूनं एक गोष्ट मान्य केली. टांकसाळी आता इतकी रंगीत नाणी काढतात की सगळी घ्यायच्या फंदात पडलं तर पगार पुरणार नाही. म्हणून ज्याची गोष्ट मुलांना सांगता येईल, तेवढंच घ्यायचं.

शिवराईचं कार्ड लिहायचं तर साल हवं. एका रविवारी श्रीपत घाटाच्या पायथ्याला जाऊन महिपतींच्या ओट्यावर बसले. राहीबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

"तुम्ही त्या पैशाला मखमलीत ठेवलात म्हणं?" त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "मी पटावर आपटायची त्याला."

"कुठल्या साली रंगवलात, आठवतं?"

"साल काय म्हाईत. धाकटीचं लगीन झालं ना, त्या पावसाळ्यात. लग्नाला दार रंगवलेलं."

श्रीपतनी हिशेब करून १९८७ लिहिलं. रंग राहीबाईंचा, दाराचा, उरलेला.

"न् हे पण लिहा," राहीबाई म्हणाल्या, "का त्या पैशानं मी यांना त्या पावसात एकपण डाव जिंकू दिला नाय."

"कवा गो?" महिपती आतून ओरडले. "गणपतीच्या आधीचा डाव माझा व्हता!"

"व्हय, झोपेत."

दोघांचं तासभर जुळलं नाही. श्रीपत चहा पीत ऐकत राहिले. शेवटी त्यांनी कार्डावर खाली लहान अक्षरांत लिहिलं: 'या नाण्यानं किती डाव जिंकले, याबद्दल घरात मतभेद आहेत.'