कापलेला शेंडा

कुमाऊंच्या डोंगरात मी ज्यांच्याकडे उतरले होते, त्या कमलादीदींच्या शेतात तपासणीचे साहेब आले. त्यांनी भांगेच्या एका रोपाचा शेंडा कात्रीने कापला आणि पिशवीत सीलबंद केला. धाग्यासाठी भांग लावायला इथे परवाना मिळतो. पण तपासणीत नशा मर्यादेबाहेर निघाली, तर उभं शेत जाळून टाकायचं. दीदी कात्रीवरून नजर हलवत नव्हत्या. आपणच वाढवलेल्याच्या पोटात काय आहे, हे आपल्याला सगळ्यात शेवटी कळावं, याची मला भीतीच वाटली.

जेवताना साहेबांनी भांगेच्या बियांची चटणी पुन्हा मागितली. बियांत नशा नसते.

"फर्मास! पुढच्या वर्षीही येणार."

वाढता वाढता दीदींचा हात थांबला.

"शेत राहिलं तर या," त्या म्हणाल्या.