कोमलच्या साठ गोळ्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी बायकोला नाही, पलटणीतल्या जुन्या दोस्तांना नाही, क्लबच्या सेक्रेटरींना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही. ओळखीच्या माणसासमोर जीभ रेटत नाही अजून.

मी सैन्यात आर्मोरर होतो. म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा, दारूगोळा सांभाळणारा. निवृत्त होऊन साताऱ्याला आलो आणि गावाबाहेरच्या एका छोट्या रायफल क्लबात पोरांना नेमबाजी शिकवायला लागलो. पोरं मला ‘उस्ताद’ म्हणतात. पूर्वी हा शब्द ऐकला की छाती फुगायची. आता नुसती मान हलवतो.

मागच्या महिन्यात क्लबात काडतुसांची नवी खेप आली. पन्नास-पन्नासच्या डब्या, कपाट भरून. भाव काही टंचाईच्या आधीसारखा राहिला नाही, आणि आता तो खाली यायचा नाही असं पुण्याचा व्यापारी म्हणतो. पण माल मिळतो. फोन केला की मिळतो. पोरं सकाळच्या सरावात अख्खी डबी सहज उडवतात. मी त्यांना काही बोलत नाही. बोलायचा हक्क राहिलाय का मला?

टंचाईची ती दोन वर्षं तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही. नेमबाजी करणारी माणसं ती किती असणार! आमच्या बारीक रायफलींना लागणारी चांगली काडतुसं परदेशातून येतात. ती यायची बंद झाली. आधी व्यापारी म्हणाला पुढच्या महिन्यात, मग म्हणाला दिवाळीनंतर, मग त्यानं फोन उचलणंच सोडलं. कुठं चार डब्या निघाल्याच तर भाव दुप्पट, तिप्पट. शेजारणीकडं विरजण मागावं तसे क्लबवाले एकमेकांकडं अर्धी डबी मागायचे. पोरांना मी दिवसाला दहा गोळ्यांवर आणलं, मग पाचवर, मग नुसती रिकामी रायफल धरून घोडा दाबायला लावलं.

त्या रिकाम्या रायफलीवर सगळ्यात जास्त वेळ कोण पडून राहायचं? कोमल.

कोमल माण तालुक्यातली. घरची मेंढरं, वडील अजून कळपामागं फिरणारे. साताऱ्यात मावशीकडं राहून कॉलेज करायची. पोटावर झोपून नेम धरताना आमची पोरं विकतची चटई घालतात. ही वडिलांचं घोंगडं घालायची. पोरं हसायची. हसू दे म्हणायची. तिच्या रिकाम्या रायफलीच्या नळीच्या टोकावर मी एक रुपयाचं नाणं ठेवायचो आणि घोडा दाबायला सांगायचो. नाणं पडायचं नाही. दहा वेळा, वीस वेळा—पडायचं नाही. इतक्या वर्षांत इतका स्थिर हात मी पलटणीत दोघा-तिघांचा पाहिला असेल.

हे लक्षात ठेवा. मला हे माहीत होतं.

राज्याच्या संघाची निवड चाचणी जाहीर झाली. संघात आली असती तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर तिचा नंबर लागला असता. घरात लग्नाची बोलणी चालू होती, आणि वडिलांनी तिला एवढ्या एकाच चाचणीची मुभा दिली होती. मला काळजी नव्हती. कारण माझ्याकडं सहा डब्या होत्या. टंचाई सुरू होतानाच मी त्या बाजूला काढल्या होत्या. कपाटात ठेवल्या असत्या तर सभासदांनी ‘उस्ताद, एकच द्या’ करत संपवल्या असत्या. म्हणून मी त्या शस्त्रागारातच, पण माझ्या जुन्या लोखंडी ट्रंकेत, तळाला ठेवल्या. राखीव साठ्याला हात लावायचा नाही, ही पलटणीची सवय. मोठ्या दिवसाला लागतील म्हणून.

ट्रंक मी मागच्या भिंतीला लावून ठेवली. खाली फळी घातली नाही.

आर्मोररनं हे करावं? दारूगोळा जमिनीवर ठेवायचा नाही, खाली लाकडी फळी, भिंतीपासून हातभर अंतर—हे मी रंगरूटांना दरडावून शिकवलेलं. आणि साताऱ्याच्या पावसात ती भिंत पाझरते, हेही मला माहीत होतं. चाचणीच्या आठवडाभर आधी ट्रंक उघडली तेव्हा तळाच्या डब्यांचा पुठ्ठा लगदा झाला होता. पितळेवर हिरवट डाग आले होते.

तेव्हाच सेक्रेटरींकडं जायचं होतं. काय झालं असतं? ते रागावले असते. चार दिवस क्लबात कुजबुज झाली असती की बघा, आर्मोरर म्हणवतो आणि राखीव साठा भिजवून बसला. बस्स, एवढंच. कुणी मला सुळावर चढवणार नव्हतं. पण मला ते ‘एवढंच’ झेपलं नाही.

मी गोळ्या फडक्यानं एकेक पुसल्या. वर्तमानपत्रावर पसरून दोन दिवस पंख्याखाली ठेवल्या. मग त्यातल्या पाच झाडून बघितल्या. पाचही उडाल्या. एकीचा आवाज बारीक आला. मी तो ऐकला. ऐकला, आणि उरलेल्या गोळ्या कोरड्या, जुन्या डब्यांत भरून कोमलच्या नावाची चिठ्ठी लावली.

चाचणीला साठ गोळ्या मारायच्या असतात. मी मागं दुर्बीण लावून बसलो होतो. पहिल्या दहा मधोमध. अकरावी खाली. मग दोन चांगल्या, पुन्हा एक खाली. आता एक गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्हाला माझी लबाडी नीट कळेल. हात हलला की गोळी कुठंही जाते—डावीकडं, उजवीकडं, वर. गोळीतली दारू दमट असली की जोर कमी पडतो आणि गोळी सरळ खाली उतरते. कोमलच्या चुकलेल्या गोळ्या एकाखाली एक, ओळंबा धरल्यासारख्या सरळ खाली होत्या. एकही बाजूला नाही. मला कुणी सांगायची गरज होती का?

विसाव्या गोळीनंतर ती रायफल ठेवून उठून आली. “उस्ताद, आवाज बारीक येतोय. गोळी खाली पडतीय.”

“श्वासाकडं ध्यान दे,” मी म्हणालो. “गोळीला नावं ठेवू नगं.”

ती परत गेली. शेजारी सांगलीकडचा एक प्रशिक्षक बसला होता. त्याचे कान तयार. तो माझ्याकडं वाकून म्हणाला, “आवं उस्ताद, पोरीची दारू दमट हाय काय? माझ्याकडं एक डबी शिल्लक हाय. घ्या की, लाजू नका.”

त्या दिवसांत! जिथं माणसं सख्ख्या भावाला डबी देत नव्हती, तिथं तो परका माणूस देत होता. अजून चाळीस गोळ्या बाकी होत्या. वेळ होता. मी फक्त हात पुढं करायचा होता.

“दारू ठणठणीत हाय,” मी म्हणालो. “पोरगीच घाबरलीय.”

चार गुणांनी संघातली जागा गेली. फक्त चार.

इथं थांबलो असतो तरी माणूस म्हणून थोडाफार शिल्लक राहिलो असतो. पण बाहेर चहाच्या गाड्यावर तिनं विचारलं, “उस्ताद, माझंच चुकलं का?” रडत नव्हती. खरोखर विचारत होती, मी सांगेन ते ऐकायला तयार होती. घाबरलीस म्हणालो असतो तर तिनं सराव वाढवला असता, वडिलांशी भांडून पुन्हा आली असती, आणि कधी ना कधी त्या डब्यांकडं बोट दाखवलं असतं. मला तो विषयच मिटवायचा होता. मी म्हणालो, “तुझा हात हलतो, कोमल. काहींचा जन्मतःच हलतो. दिसत न्हाई, पर मोठ्या दिवशी हलतोच. त्याला इलाज न्हाई.”

तिनं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं.

पुढच्या आठवड्यात क्लबचं जाकीट धुऊन, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवून गेली. मी तेव्हा पलीकडच्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही. उरलेल्या दमट गोळ्या मी एका दुपारी एकट्यानं झाडून संपवल्या आणि वहीत ‘सराव’ असं लिहिलं. त्यातल्याही निम्म्या खालीच पडल्या.

लोक आजही विचारतात, ती माणची पोरगी काय झाली हो? मी म्हणतो, टंचाईनं बरीच पोरं खेळ सोडून गेली. लोक मान डोलावतात. टंचाईवर काहीही ढकललं तरी खपतं.

यंदा उन्हाळ्यात टार्गेट ओढायच्या कप्पीचा दांडा करून घ्यायला मी सांगलीजवळ कुपवाडला गेलो होतो. एमआयडीसीत एक लहानसा कारखाना आहे, मालक ओळखीचा. त्याच्याशी बोलत उभा होतो तेवढ्यात खोकी भरणाऱ्या बायकांतून एकजण धावत आली. निळा कोट, गळ्यात मंगळसूत्र. कोमल. सांगलीत दिलीय म्हणाली, स्कूटीवरून कामाला येते, मुलगी दोन वर्षांची आहे. एका दमात सगळं सांगितलं.

मालक हसत म्हणाला, “उस्ताद, तुमच्या शिष्येला जरा समजवा की. तपासणीच्या टेबलावर घेतो म्हणतोय, पगार वाढतोय, बसून काम हाय. तर ऐकतच न्हाई.”

“तिथं मायक्रोमीटर धरून बारीक मापं घ्यायला लागत्यात, साहेब,” ती म्हणाली. “माझा हात हलतोय. उस्तादांनीच सांगितलंय मला.” मग माझ्याकडं वळून अगदी मोकळेपणानं म्हणाली, “दुसरा कोण असता तर मला उगं झुलवत ठेवला असता. तुमी तोंडावर खरं सांगितलासा. लय उपकार हायत तुमचे.”

मालक माझ्याकडं बघत होता. एक वाक्य पुरं होतं—हिचा हात दगडासारखा आहे, घ्या हिला. कारणसुद्धा द्यावं लागलं नसतं. माझ्या घशापर्यंत आलं होतं ते. पण मग तिनं विचारलं असतं, तेव्हा का तसं म्हणालात? आणि मी तेवढ्याला भ्यालो. पासष्टीचा माणूस, बावीस वर्षं वर्दी घातलेला, भर दुपारी, खोकी भरणाऱ्या एका पोरीच्या प्रश्नाला भ्यालो.

“जमंल तेवढंच करावं माणसानं,” मी मालकाला म्हणालो.

तो बरं म्हणून आत गेला. कोमल खाली वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला आशीर्वाद दिला.